चुलीमागचं ढेकूळ

बाळासो घरातनं निघाला होता तो नुसती पहार परत द्यायला. दुसरं काही नाही. रहिमतपुरातली थंडीची रात्र, जेवणं उरकलेली, कानाला मफलर, अंगावर घोंगडं आणि खांद्यावर पहार. जायचं तरी कुठं, तर शेजारी, चुलतभाऊ आप्पासोच्या घरात. मधे फक्त एक भिंत, आणि तीही त्या दिवशी कमरेपर्यंत पाडलेली. टांग टाकली असती तरी पोचला असता. पण गडी रस्त्यानं गेला, पुढच्या दारानं. पहार परत द्यायला जाणारा माणूस पुढच्या दारानंच जातो, भिंतीवरनं उडी मारतो तो चोर. आणि आपण या दोघांतले कोण, हे बाळासोनं अजून स्वतःशी ठरवलं नव्हतं.

थांबा. आधी नीट बसा बघू. अश्लेषा, तो मोबाइल पालथा घाल, तोंडावर उजेड पडला की तूच भुतासारखी दिसतेस. शौनक, तुझ्या बापानं आज दुपारी शेजारच्यांशी कंपाउंडच्या भिंतीवरनं जो आवाज चढवला, तो निम्म्या सांगलीनं ऐकला. म्हणून मला बाळासो आठवला. कारखान्याच्या काट्यावर आम्ही दोघांनी आयुष्यभर उसाच्या गाड्या तोलल्या. मधुकाका थापा मारतो हे तुम्हाला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. पण ही गोष्ट माझी नाही, बाळासोची आहे. आणि बाळासोला थाप मारता येत नाही, त्याला तेवढं डोकंच नाही. शिवाय शेवटची खूण मी माझ्या या बोटानं... जाऊ दे. ते शेवटी.

रात्र कुठली, ते ध्यानात ठेवा. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, घरोघरी लक्ष्मी मांडलेली. 

आता ती भिंत. पांढऱ्या मातीची, वीतभर जाड. बाळासोच्या आणि आप्पासोच्या बापांनी वाटणी केली तेव्हा एका घराच्या मधोमध घातलेली. इकडं थोरली जाऊ धोंडुबाई, म्हणजे बाळासोची आई. तिकडं धाकटी जाऊ अंबूबाई, म्हणजे आप्पासोची आई. अंबूबाईनं आपली चूल या भिंतीला लागून मांडली. त्यामुळं थंडीच्या दिवसांत भिंत इकडच्या अंगाला कोमट व्हायची. धोंडुबाई तिथंच पाट टाकून बसायची, पाठ भिंतीला आणि डावा कानही भिंतीला.

"उबेला बसलीया," असं म्हणायची. ऊब कानाला कशाला लागते, हे तिला विचारायची कुणाची छाती नव्हती.

तिन्हीसांज झाली, की पलीकडनं आवाज यायचा. चर्र! तापल्या तव्यावर काही पडलं की होतं तसं. रोज. एकदा, दोनदा, तीनदा. आणि प्रत्येक 'चर्र'ला धोंडुबाईच्या काळजात त्याहून मोठं चर्र व्हायचं.

"रोज तळण! आमच्यात तेल बघाया मिळतं ते दिव्यात. बाळू, जा रं, बघून ये. आज काय केलंया त्यांनी?"

बाळू पळायचा, आणि तसाच माघारी यायचा. "आये, दार लावलंया."

"लावणारच की! तळण दाखवत्यात व्हय कुणाला?"

काय म्हणालास सौमित्र? वास? शाबास. वास कधीच आला नाही. पण जळणाऱ्या माणसाला त्याचंही उत्तर सापडतं. धोंडुबाई म्हणायची, "वाससुदीक आत दाबून ठेवती सटवी!"

धोंडुबाईच्या केसांना करडईचं तेल. वर्षानुवर्षं एकाच जागी डोकं टेकून त्या पांढऱ्या भिंतीवर बशीएवढा गोल, काळपट, गुळगुळीत डाग पडला होता. बसल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर. अंबूबाईच्या केसांना मात्र माक्याचं तेल असायचं. मेढ्याचा भाऊ दिवाळीला एक बाटली आणून द्यायचा. अंबूबाई गल्लीतनं गेली, की ती वळणाआड दिसेनाशी झाल्यावरही माक्याचा वास मागं रेंगाळायचा. धोंडुबाई त्या वासावरही जळायची. डोक्याला असलं तेल, म्हणजे तव्याला किती असंल!

गेली बिचारी त्याच पाटावर. कान भिंतीला लावलेला. काही वर्षांनी अंबूबाईही गेली. घर वाटून झालं होतं, रान वाटून झालं होतं. ही जळजळ तेवढी कुणी वाटली नाही. ती सगळीच्या सगळी बाळासोच्या वाट्याला आली.

आणि जळायला कारणंही भरपूर. आप्पासोचा पोरगा धनाजी मिलिटरीत. आधी घरात बोअर आला, मग दारात बुलेट आली, आणि मग एक दिवस साताऱ्याचा इंजिनिअर टेप घेऊन आला. दोन मजली, स्लॅबचं घर. इंजिनिअरनं मातीच्या भिंतीवर नुसती टिचकी मारली आणि म्हणाला, ही पाडावी लागेल.

बाळासो उंबऱ्यात उभाच होता. "सामायिक भिंत हाय. माझ्या सहीबिगार ढेकूळ हलायचं न्हाई."

"आरं, मग माझं कॉलम कुठं उभं करू? तुझ्या डोक्यावर?" आप्पासो म्हणाला.

"कर की! आजपतूर तिथंच हुभा हाईस."

सहा महिने हे असं चाललं. इकडं बाळासो सही देत नाही, तिकडं सिमेंट पोत्यात दगड होतंय. मग कोंडीबा तात्यांना मधे घातलं. गल्लीतली भांडणं मिटवणारा माणूस. दोन्हीकडचा चहा प्यायचा आणि कुणाच्याच बाजूचा व्हायचा नाही. त्यांनी ओट्यावर बसून निकाल दिला :

"हे बघा, सामायिक म्हणून काय ठेवूच नगा. म्हातारी भित पाडा. आपापल्या हद्दीत आपापली वीट हुभी करा आन् मधी वीतभर जागा सोडा. ती वीत बाळासोचीबी न्हाई आन् आप्पासोचीबी न्हाई. बाळासोच्या तुळयांना टेकू आप्पासोनं द्यायचं. त्याची भित आदी करून द्यायची, मग सोताची. छज्ज्याचं पाणी ज्याचं त्यानं आपल्या दारात पाडायचं. हाय कबूल?"

आप्पासोनं मान हलवली. बाळासो म्हणाला, "आन् माती?"

पांढरी माती म्हणजे रानाला खत, तिच्यासाठी गावाकडं माणसं गाड्या लावतात. तात्या म्हणाले, "माती निम्मी निम्मी."

"लांबीत का जाडीत?"

तात्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "गड्या, मी लय भिती वाटून दिल्या. जाडीत वाटायची म्हणणारा तूच पयला!"

सगळे हसले. पण बाळासोचं बरोबर होतं. लांबीत वाटली असती तर आईच्या कानाची जागा एखादेवेळी आप्पासोच्या वाट्याला गेली असती. त्याच्या रानात, त्याच्या उसाच्या मुळाशी! ते त्याला नको होतं. म्हणून इकडची बाजू बाळासोची आणि तिकडची आप्पासोची असं ठरलं. सही झाली. आप्पासोचं बिऱ्हाड मळ्यातल्या वस्तीवर हललं. भिंत वरनं उतरायला लागली.

आणि त्या गुरुवारी रात्री, जेवताना, बाळासोच्या बायकोनं, शालननं, सहज विषय काढला. "वैनी उद्या सकाळीच येणार हाईत म्हणं. चुलीमागलं ढेकूळ न्यायला." वैनी म्हणजे आप्पासोची बायको.

तुम्हा शहरातल्या पोरांना ही रीत माहीत नसणार. चूल हलवायची झाली, की चुलीमागच्या भिंतीचं, धुरानं काळं झालेलं एक ढेकूळ आधी न्यायचं. घरधनिणीनं, पदरात घेऊन. आणि नव्या चुलीपाशी बसवायचं. आता गॅस आले, तर ओट्याखाली चिणतात. त्या ढेकळाबरोबर घराची बरकत चालत येते म्हणतात.

बाळासोच्या हातातला घास हातातच राहिला. अंबूकाकीची चूल! रोज तळण करणारी चूल! त्या चुलीची बरकत आप्पासोनं आधीच एवढी खाल्ली, आणि आता ती दोन मजल्यांत घेऊन जाणार. आपल्याला काय मिळालं? जाडीतली निम्मी भिंत. ती पण कान असलेली, चूल नसलेली.

"आप्पासोच्या गड्यांची पहार आपल्यात ऱ्हायलीया," तो जेवण उरकून उठत म्हणाला. "दिऊन येतो."

"आत्ता? तितं हाय कोण घ्यायला?"

"ठिवून येतो."

तर असा तो पहार घेऊन निघाला.

आप्पासोच्या घराला दार उरलं होतं, पण कुलूप नव्हतं. आत छप्पर नाही, वर चांदण्या. कमरेएवढ्या भिंतीच्या मधोमध चुलीमागची काळी जागा, अंधारातही दिसावी इतकी काळी. बाळासोनं पहार टेकवली आणि खरंच परत वळला. दोन पावलं गेला. मग पाठीमागं न बघता हात मागं केला आणि पहार उचलली.

त्याला फक्त काळ्या अंगाचा एक टवका हवा होता. पण पहार घातली आणि दाबली, तर ढेकूळ निघालं आरपार. या अंगाला अंबूबाईच्या चुलीची काजळी, त्या अंगाला धोंडुबाईच्या कानाचा डाग. भिंत जाडीत वाटली होती खरी, पण ढेकळाला ते कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानं ते छातीशी धरलं. आणि तिथंच घोटाळला.

ढेकूळ कोमट होतं.

आप्पासोच्या घरी गॅस येऊन किती वर्षं झाली, ते त्यानं मनात आठवून बघितलं. मग आठवायचं सोडून दिलं. दुसरं एक ढेकूळ त्यानं घरूनच आणलं होतं, घोंगड्याआड, निघायच्या आधी परसात तव्याच्या बुडाची काजळी पाण्यात कालवून फासलेलं. हो, म्हणजे पहार नुसती परत द्यायला निघाला नव्हता तो. मघाशी मी तुम्हाला फसवलं, त्यानं स्वतःला फसवलं होतं तसंच. ते रंगवलेलं ढेकूळ त्यानं भोकात बसवलं, खरं घोंगड्यात घेतलं आणि घरी गेला.

जाताना मात्र भिंतीवरनं टांग टाकून.

सकाळी वैनी आल्या. हळदकुंकू वाहिलं, काजळी फासलेलं ढेकूळ पदरात घेतलं आणि गेल्या. बाळासो मिशीत हसत दात घासत होता.

त्याची नवी भिंत चटचट वर आली. बसल्या माणसाच्या कानाएवढी झाली, तेव्हा एका संध्याकाळी गवंडी गेल्यावर त्यानं दोन विटा काढून ते ढेकूळ आत चिणलं. काजळीचं अंग आपल्या स्वयंपाकघराकडं, म्हणजे बरकत आपल्याकडं तोंड करून राहील. वरनं सिमेंट थापून टाकलं. आईच्या कानाचं अंग आपोआप बाहेर गेलं, त्या वीतभर जागेकडं, जी कुणाचीच नव्हती. त्या वेळी त्याच्या हे ध्यानातही आलं नाही. पलीकडं आप्पासोचीही वीट उभी राहिली. वरनं झाकण पडलं. मधे राहिला एक अंधाराचा पट्टा, हात जाईल, माणूस जाणार नाही एवढा.

त्याच तिन्हीसांजेला बाळासो चहा पीत होता.

चर्र!

"ऐकलंस?" तो शालनला म्हणाला. "चाललं बघ आप्पासोचं. तळण!"

"आवं, ती सगळी मळ्यात हाईत न्हवं? तितं अजून फरशी न्हाई, कोण तळंल?"

"तुला आवाज आला का न्हाई?"

"मला तर काय बी न्हाई आला."

दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत. बाळासो कामावरनं आला की तडक त्या भिंतीपाशी. पाट टाकायचा, पाठ टेकायची, डावा कान भिंतीला. शालन त्याच्यापुढं भाकरी ठेवायची, ती तशीच वाळायची. आपल्यात काय, भाकरीच! आणि तिकडं बघा!

"आवं, तुमचं सासर हाय का त्या भितीत?" शालन वैतागून म्हणायची. "सारकं कान लावून बसताय. जेवा की!"

काट्यावर आम्हाला वाटायचं, याला साखर झाली. गालफडं बसली, शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा दिसायला लागला. मी डबा पुढं केला तर म्हणाला, "मधुभाऊ, भूक लय लागती. पण खावंसं वाटत न्हाई. त्येंच्या तव्यावरलं पायजे वाटतं." 

एकदा शालननं त्याचा डावा कान धरला आणि ओल्या फडक्यानं पुसला. फडकं काळं झालं. काजळी. दुसऱ्या दिवशी पुसला, परत काळं. भिंतीला तर राखाडी सिमेंट होतं, कोरं करकरीत. तिनं भिंतीवरनं बोट फिरवलं. बोट स्वच्छ. नवऱ्याच्या कानावरनं फिरवलं. काळं.

तिनं ते फडकं गुपचूप धुऊन वाळत घातलं. 

मग आली भोगी. संक्रांतीची आदली रात्र. शालननं तीळ लावून बाजरीच्या भाकरी केल्या, लोण्याचा गोळा, भोगीची भाजी. बाळासोनं ताटाला नुसता हात लावून नमस्कार केला आणि पाटावर जाऊन बसला. शालन रडली, ताट झाकलं, झोपली. गल्ली झोपली. कुत्रीसुद्धा गप्प.

बाळासो बसलाच होता. कान भिंतीला.

चर्र...

आज जवळ. फारच जवळ. पलीकडच्या घरात नव्हे. भिंतीत. त्याच्या कानापाशी.

त्यानं कान आणखी दाबला.

चर्र...

वास नाही. कसलाच नाही. फक्त भिंत हळूहळू कोमट होत चाललेली.

मग आवाज थांबला.

आणि त्या शांततेत त्याला कळलं... की भिंतीच्या त्या अंगालाही कुणीतरी आहे. कान लावून. इकडं तो ऐकतोय. तिकडं कुणीतरी... त्यालाच ऐकतंय.

त्या वीतभर जागेत. जिथं माणूस मावत नाही.

"बाळू..."

त्याला बाळू म्हणणारं जगात कुणी उरलं नव्हतं.

"बाळू... आज काय केलंया रं... त्यांनी?"

बाहेरनं. आवाज बाहेरनं येत होता. त्यानं चूल आत घेतली होती आणि आईला... बाहेर ठेवली होती. थंडीत. अंधारात. कुणाच्याच नसलेल्या जागेत.

"बाळू... बघून ये..."

तो उठला. चप्पल नाही, मफलर नाही. गाडीला किक मारली आणि मळा गाठला.

आप्पासोनं दार उघडलं तेव्हा बाळासो उंबऱ्यातच बसला. दातावर दात आपटत होते. पहारेपासून सगळं सांगितलं. ढेकूळ, काजळी, उलटं चिणलेलं, सगळं. वैनी आतनं ऐकत होत्या. आप्पासोला राग यायला हवा होता. आला नाही. तो नुसता बघत राहिला, या एवढ्या मोठ्या, वाळलेल्या भावाकडं.

"बरकत न्यायला आलतास व्हय?" शेवटी तो म्हणाला. "तळणाची?"

"आरं रोज व्हायचं की! चर्र... आये सांगायची. आमी ऐकलंय."

"पाणी हुतं ते."

"काय?"

"पाणी, गड्या. आये नुसता तवा तापवायची आन् चुळकाभर पाणी शिपडायची. दार लावून. आमी पोरं बगत बसायचो. मग कोरडी भाकर आन् चटणी. भाकर असली तर. नसली तर मग नुसतंच चर्र..."

बाळासो पुढं सरकला. "कशापायी पर?"

"तुज्या आयेचा कान असायचा न्हवं भितीला! तुमच्यात म्हस हुती. दूध हुतं. आमची आये जळायची त्या म्हशीवर. धार काढताना चरवीचा आवाज यायचा, तर ही तोंड फिरवून बसायची. म्हणायची, आपल्यात काय न्हाई, ह्ये जाऊबाईला कळाया नगं. मराया टेकली तवाबी म्हणली... त्यास्नी सांगू नगा."

 मग आप्पासोनं बॅटरी घेतली. "चल," म्हणाला.

शालन जागी होऊन भिंतीपासून लांब कोपऱ्यात उभी होती. तिला आज पहिल्यांदा ऐकू आलं होतं. तिनं बोटानं नुसतं दाखवलं.

भिंत बोलत होती. बारीक आवाजात. थकून. तेच... तेच...

"...काय केलंया रं... त्यांनी..."

आप्पासोचा हात बाळासोच्या खांद्यावर. बाळासो पाटावर बसला. तोंड भिंतीला लावलं. लहानपणी दारावरनं माघारी यायचा आणि जे सांगता यायचं नाही, ते आज सांगायचं होतं.

"आये..."

भिंत गप्प झाली.

"आये, बघून आलो. पाणी हुतं गं. तव्यावर नुसतं पाणी. त्येंच्यात... काय बी नव्हतं."

काहीच नाही.

काहीच नाही...

  भिंत गार पडत चालली होती, बाळासोच्या गालाखाली, हळूहळू, पाणी ओतलेल्या चुलीसारखी.

आणि तेवढ्यात बांगड्या वाजल्या.

इकडं नाही. त्या पट्ट्यातही नाही. त्याच्याही पलीकडं. आप्पासोच्या रिकाम्या, अंधाऱ्या, बिनफरशीच्या स्वयंपाकघरात. लगबगीनं... कुणीतरी उठून भिंतीजवळ यावं तशा.

धोंडुबाईच्या हातात शेवटची कित्येक वर्षं बांगडी नव्हती. अंबूबाई मात्र भरल्या चुड्यानं गेली होती.

बस्स. एवढंच. पुढं काही नाही झालं त्या रात्री.

संक्रांतीच्या सकाळी कोंडीबा तात्यांना बोलावलं. बाळासोनं आपल्या हातानं सिमेंट फोडलं, ढेकूळ काढलं. तात्यांनी खालनं वरनं बघितलं आणि निकाल तोच ठेवला : जाडीत. गवंड्यानं मधोमध पातं मारलं. काजळीचं अंग आप्पासोच्या ओट्याखाली गेलं. कानाचं अंग बाळासोच्या भिंतीत, आत, घराकडं तोंड करून. आई घरात आली. दोघी आपापल्या जागी. तेव्हापासनं आवाज नाही. बाळासो जेवायला लागला, अंग धरलं, काट्यावर परत माझ्याशी हुज्जत घालायला लागला. आप्पासोशी मात्र पुन्हा भांडला नाही. जळायला काही उरलंच नव्हतं ना! आप्पासोची दुमजली इमारत बघून म्हणायचा, "बांधू दे. लई उपाशी दिवस काढल्यात त्येनं."

पुढं अक्षय्य तृतीयेला आप्पासोची वास्तुशांत झाली. मी गेलो होतो. बुंदी, मसालेभात, सगळं चांगलं. जेवण झाल्यावर आप्पासोनं मला हळूच आत नेलं, स्वयंपाकघरात.

"मधुभाऊ, तुमी शिकल्यालं. ह्ये जरा बगा."

बाळासोकडच्या भिंतीवर, पिस्ता रंगावर, बशीएवढा एक गोल डाग. खाली, बसल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर. पेंटरनं तीनदा रंग मारला होता, तीनदा वर आला होता. कोंडीबा तात्या म्हणाले होते, ओल असंल, कुठंतरी पायपाचं लिकेज. पण त्या भिंतीत पाइपच नव्हता.

मी वाकलो. हे बोट लावलं.

बोट तेलकट झालं. नाकाशी नेलं.

करडई नाही.

माका.

आप्पासोच्या घरात आता माक्याचं तेल कुणी लावत नाही. मी त्याच्याकडं बघितलं, त्यानं खाली बघितलं.  

आणि मी बोट परत त्या डागावर ठेवलं असतानाच, पलीकडं, बाळासोच्या घरात, शालननं तव्यावर काहीतरी टाकलं. 

चर्र...

आणि माझ्या बोटाखाली भिंत कोमट झाली.